सड्यावरच्या अनोळखी आकृत्या वाचायच्या कशा?

कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली ब्राँझची एक छोटी मूर्ती आहे. ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, हे जाणकार छातीठोक सांगतात. कारण या देवाच्या कथा लिहिलेल्या आहेत आणि त्याच ठेवणीच्या मूर्ती रोमन जगात इतरत्रही सापडल्या आहेत. करवीर तालुक्यातल्या बीडच्या वीरगळांचंही तसंच. वरचे चंद्र-सूर्य, मधली लढाई, शेवटी शिवलिंगापुढे बसलेला वीर, हे सगळं वाचता येतं, कारण ती भाषा अजून आपल्या ओळखीची आहे.

अणुस्कुरा घाट उतरून राजापूरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, गेलात की हा आधार सुटतो. जांभ्या कातळात खोदलेले हत्ती, मासे, हात पसरलेली माणसं आणि मधेच काही केल्या उलगडत नाही असा रेघांचा भलामोठा चौकोन. लेख नाही, कथा नाही, करणाऱ्यांचं नावही नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत अशा दीड हजारांहून जास्त आकृत्या नोंदल्या गेल्या आहेत. २०२२ साली कोकणच्या कातळशिल्पांच्या ९ स्थळांचा गट युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला: रत्नागिरीतलं उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढ्ये तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं पणसाईमोळ.

या आकृत्यांपुढे उभं राहून नक्की काय करायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे. यातला बराचसा भाग पाहण्याचा आणि मोजण्याचा आहे, अर्थाचा त्या मानाने थोडा. ज्यांना थेट परग्रहवासीयांकडे जायचं आहे त्यांचा वेळ इथे वाया जाईल.

आधी डोळा घरच्या कातळावर तयार करा

पहिल्याच खेपेला शंभर-सव्वाशे किलोमीटर जाऊ नका. पन्हाळ्याजवळचं मसाई पठारही जांभ्याचंच आहे. एका रविवारी सकाळी तांबड्या-पांढऱ्याचा नाद सोडून तिथे जा आणि दोन तास फक्त खड्डे बघा. कातळावरची कुठली खूण निसर्गाने केली आणि कुठली माणसाने, हे ओळखता आलं नाही तर पुढचं सगळं वाळूवर उभं राहतं.

जांभा एकजिनसी नसतो. त्यात लोहाने घट्ट झालेला भाग असतो आणि मऊ मातकट भाग असतो. पावसाने मऊ भाग धुपतो आणि खळगे, नळ्या, वेडीवाकडी भोकं उरतात. नैसर्गिक भोक आत गेल्यावर बहुतेकदा वळतं, दुसऱ्या भोकाला मिळतं किंवा खाली रुंद होतं. खोदलेली खोबण तशी वागत नाही. ती मऊ भागातून जाते तशीच कडक गाठीवरूनही जाते, रुंदी फारशी बदलत नाही आणि तळ बराचसा सलग राहतो. म्हणून कुठलीही रेघ तपासताना ती कडक गाठीला कशी भेटते ते पाहा. गाठ आली की रेघ तिला वळसा घालत असेल तर ते पाण्याचं काम समजा. गाठ फोडून सरळ गेली असेल तर तिथे हत्यार चाललं आहे.

माणसाने केलेली प्रत्येक खूण प्राचीन नसते, ही त्याच्या पुढची पायरी. सड्यावर नेहमी फसवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. चिरेखाणीतले सरळ, समांतर, चिऱ्याच्या मापाचे काप लांबून चौकटीच्या नक्षीसारखे दिसतात. मांडवाच्या खांबांची भोकं चारच्या गटात असतात आणि जोड्यांमधली अंतरं सारखी भरतात. उखळाचा खळगा आतून गुळगुळीत असतो. कोयत्याला धार लावून झालेल्या चिरा मधे खोल आणि दोन्ही टोकांना उथळ होत जातात. हद्दीच्या खुणा आणि मोजणीचे बाण असतात. आणि सगळ्यात जास्त गोंधळ घालतात ते खेळ: खळग्यांच्या दोन समांतर ओळी दिसल्या तर मंकळा आठवा, एकात एक तीन चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा दिसल्या तर नवकंकरी. किल्ल्यांवर आणि देवळांच्या फरशीवर असे पट जागोजागी आहेत. राखणीला किंवा पहाऱ्याला बसलेल्या माणसांनी ते कोरलेले असतात. त्यांना ‘तांत्रिक यंत्र’ म्हणून फिरवणारे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिले असतील.

कधी जायचं, कुठून जायचं

रत्नागिरीजवळच्या उक्षी, जांभरुणला आंबा घाट उतरून साखरपामार्गे. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, कशेळी या राजापूर तालुक्यातल्या जागांना मलकापूरहून अणुस्कुरा घाट सोयीचा. कुडोपी मालवण तालुक्यात, तिकडे गगनबावडा ओलांडून वैभववाडी, कणकवली करत जायचं. पावसाळ्यात आणि त्यानंतर घाट चालू आहेत का ते निघण्याआधी विचारून घ्या.

जून ते सप्टेंबर सड्यावर शेवाळ, पाणी आणि गवत. ऑक्टोबरमध्ये गवत वाळू लागतं, पण रेघा अजून झाकलेल्या असतात. डिसेंबर ते एप्रिल हा कामाचा काळ, आणि त्यातही दोन खेपा धरून चला: एक डिसेंबरात, एक मार्च-एप्रिलमध्ये. याचं कारण सूर्य. आपल्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी सूर्य पूर्वेपासून साधारण २४ अंश दक्षिणेला सरकून उगवतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बरोबर पूर्वेला. तिरप्या उन्हात रेघ दिसते ती तिच्या काठाची सावली आत पडते म्हणून. रेघ जर उन्हाच्या दिशेला समांतर असेल तर सावलीच पडत नाही आणि खोल रेघसुद्धा डोळ्यांपुढून नाहीशी होते. एका सकाळी ‘या माणसाला पाय नाहीत’ असं लिहून आलेल्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाय सापडतात, त्याचं कारण हेच.

ऊन किती तिरपं हवं? सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असताना २ सेंटिमीटर खोल काठाची सावली ११ सेंटिमीटरपेक्षा जास्त लांब असते, म्हणजे खोबण पूर्ण काळी भरते. ६० अंशांवर हीच सावली जेमतेम १ सेंटिमीटर. म्हणून सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा पहिला-शेवटचा पाऊण तास पाहण्याचा. दुपार मोजण्याची.

पिशवीत काय

३० मीटरचा टेप, ५ मीटरचा छोटा टेप, ५० मीटर सुती दोरी, ओळंबा, आलेख कागद, पेन्सिल, खोडरबर, १० सेंटिमीटरची काळी-पांढरी पट्टी, ५० सेंटिमीटरच्या दोन लाकडी पट्ट्या, मऊ केसांचा ब्रश, दोन बॅटऱ्या आणि माणशी ३ लिटर पाणी. सड्यावर झाड नसतं. घोट्यापर्यंतचे बूट घाला आणि सैल दगड हाताने उलटू नका. फुरसं अशाच दगडाखाली बसतं आणि रत्नागिरीचे सडे त्याचं माहेरघर आहेत.

खडू, चुना, कोळसा, रंग यातलं काहीही नेऊ नका. खडूने रेघ उठावदार करून फोटो काढायची सवय फार पसरली आहे. दगडाचं नुकसान होतं ते आहेच, पण वाचनाच्या दृष्टीने त्याहून वाईट असं की तो फोटो मग मूळ आकृतीचा राहत नाही, खडू धरणाऱ्याच्या मताचा होतो. त्याने एक भेग शेपटी समजून रंगवली की पुढच्या प्रत्येकाला तिथे शेपटीच दिसते. खराट्याने खरवडू नका, दगडफूल सोलू नका. वाळलेलं गवत आणि सुटी माती मऊ ब्रशने बाजूला करायची, बस.

जमीन बहुतेक ठिकाणी खाजगी असते, तेव्हा मालकाला विचारून आणि गावात सांगून जा. नवी आकृती सापडली तर जागेचा नेमका ठिपका समाजमाध्यमांवर न टाकता राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवा. उघड झालेल्या जागेवर कठडा येण्याआधी गाड्या येतात.

मोजणी: आकृती कागदावर उतरवणं

आकृतीभोवती दोरीची चौकट घाला. खिळा ठोकायचा नाही, दोरीची टोकं सुट्या दगडांना बांधून ते दगड आकृतीच्या बाहेर ठेवायचे. कोपरा काटकोनात आणायला गवंड्याची युक्ती पुरते: एका बाजूवर ३ मीटर, दुसऱ्या बाजूवर ४ मीटर, कर्ण बरोबर ५ मीटर. मग दर मीटरला आडव्या-उभ्या दोऱ्या. चार-पाच मीटरपर्यंतच्या आकृतीला १:२० हे प्रमाण घ्या, म्हणजे जमिनीवरचा १ मीटर कागदावर ५ सेंटिमीटर. कशेळीच्या हत्तीसारखी साधारण १८ बाय १३ मीटरची आकृती असेल तर १:५० आणि ए-३ कागद.

रेघ काढताना तीन प्रकार पाळा. नक्की दिसते ती सलग. अर्धवट दिसते ती तुटक. नैसर्गिक भेग असावी अशी शंका असेल ती ठिपक्यांची. खोबणीची रुंदी आणि खोली तीन-चार ठिकाणी मोजून रेघेशेजारी लिहा. जिथे खोली अचानक बदलते तिथे खूण करा. तो दुसरा हात असू शकतो, दुसरा काळ असू शकतो किंवा नुसती जास्त झीज.

सगळ्यात उपयोगी तपासणी फुकट आहे. दोघांनी एकमेकांशी न बोलता एकच आकृती वेगवेगळ्या कागदांवर काढायची आणि मग कागद शेजारी ठेवायचे. दोघांच्याही कागदावर असलेल्या रेघा धरायच्या. एकाच्याच कागदावर असलेली रेघ संध्याकाळच्या उन्हात पुन्हा तपासायची. हे केल्यावर हमखास दोन-तीन ‘शिंगं’ गळून पडतात.

फोटोंवरून त्रिमितीय प्रतिकृती करायची तर मोबाइल दीड मीटर उंचीवर, भिंग सरळ खाली. अर्धा मीटर सरकून पुढचा फोटो, म्हणजे एकमेकांवर ७० टक्क्यांच्या आसपास भाग येतो. एकदा पूर्व-पश्चिम ओळींत, एकदा दक्षिण-उत्तर. चार मीटरच्या आकृतीला दीड-दोनशे फोटो लागतात. झूम आणि रुंद भिंग दोन्ही बंद. उजेड आणि फोकस एकदा ठरवून अडकवून ठेवा. ढगाळ दिवस यासाठी उत्तम, तिरपं ऊन वाईट, कारण सरकणारी सावली संगणकाला खड्डा वाटते. दोन्ही लाकडी पट्ट्या आकृतीच्या दोन कडांना ठेवा, नाहीतर प्रतिकृतीला माप राहत नाही. मेशरूमसारखी मोफत प्रणाली चालते. प्रतिकृती तयार झाली की दगडाचा रंग काढून टाका आणि कृत्रिम उजेड आठ दिशांनी फिरवा. काळ्या डागांनी झाकलेल्या रेघा यात वर येतात. मोबाइलचा पॅनोरामा मात्र कधीही वापरू नका. त्यात सरळ हात वाकतात आणि मग त्या वाकण्याला कुणीतरी नृत्यमुद्रा म्हणतं.

एवढं जमत नसेल तर अंधार पडल्यावर बॅटरी आकृतीपासून हातभर लांब आणि जमिनीपासून चार बोटं उंच धरून आठ दिशांनी फिरवा. काम तेच.

दिशा: होकायंत्रावर का विसंबायचं नाही

देवाचे गोठणे इथे आडव्या मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते. याची कीर्ती एवढी झाली आहे की लोक आकृतीपेक्षा मोबाइलकडे जास्त बघतात. जांभ्यात लोह भरपूर असतं आणि अशा खडकावर वीज पडली की त्या जागी जोरदार चुंबकत्व बसू शकतं, हे भूशास्त्राला माहीत आहे. उघड्या सड्यावर विजा पडायच्याच. करणाऱ्यांना त्या जागेचं काही वेगळेपण जाणवलं होतं का, हा प्रश्न चांगला आहे, पण त्यांच्याकडे सुई होती याचा पुरावा नाही. तेव्हा ‘चुंबकीय शक्ती ओळखून इथे शिल्प केलं’ हे वाक्य वहीत लिहायचं नाही. लिहायचं ते एवढंच: आकृतीच्या कुठल्या बिंदूवर सुई किती अंश सरकली. सोबत आकृतीपासून १०, २० आणि ५० मीटरवर, आकृती नसलेल्या कातळावरही तेच मोजायचं. ही दुसरी मोजणी जवळपास कुणी करत नाही, आणि तिच्याशिवाय पहिलीला अर्थ नाही.

खरी दिशा शंकूने, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीने, काढा. शुल्बसूत्रांतली, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांतली पद्धत आहे, अजूनही बिनचूक चालते. मीटरभर सरळ काठी वाळूच्या बादलीत उभी करा आणि ओळंब्याने तपासा. सकाळी साडेनऊच्या सुमारास सावलीच्या टोकाला खडा ठेवा. काठीच्या बुंध्यापासून त्या खड्यापर्यंतच्या अंतराएवढी दोरी घेऊन वर्तुळ मांडा. दुपारनंतर सावलीचं टोक पुन्हा त्या वर्तुळाला टेकेल, तिथे दुसरा खडा. पहिला खडा पश्चिमेचा, दुसरा पूर्वेचा. दोन्ही जोडणारी रेघ ही पूर्व-पश्चिम. जमीन सपाट हवी, आणि मधल्या वेळात बादली कुणी हलवता कामा नये.

सड्यावरच्या आकृतीला वर-खाली नसतं, हेही इथेच ध्यानात घ्यायचं. भिंतीवरच्या चित्राला डोकं वर असतं. जमिनीवरच्या आकृतीभोवती माणूस फिरतो. ड्रोनचा फोटो मात्र एकच बाजू वर धरून येतो आणि आपण ती खरी मानतो. कागद चारही बाजूंनी फिरवून बघा. ‘उलटा पडलेला माणूस’ हा अर्थ बहुतेकदा फोटो काढणाऱ्याच्या उभं राहण्याच्या जागेतून आलेला असतो.

तीन पायऱ्या, तीन रकाने

वहीच्या पानाला तीन रकाने पाडा. पहिल्यात जे दिसतं, दुसऱ्यात ते कशासारखं आहे, तिसऱ्यात ते कशासाठी असावं. घाई सगळ्यांना तिसऱ्याची असते, म्हणून पहिला भरल्याशिवाय दुसऱ्याकडे वळायचं नाही असा नियमच करून टाका. पहिल्या रकान्यात आकृतीला नावही द्यायचं नाही, फक्त क्रमांक. ‘हत्ती’ असं एकदा लिहिलं की डोळा सोंड शोधू लागतो.

दुसऱ्या रकान्यात प्राणी ओळखताना एकच लक्षण पुरेसं धरू नका, निदान दोन हवीत. गवा की बैल हा वाद घ्या. राधानगरी-दाजीपूरच्या गव्याकडे नीट पाहिलेल्या कोल्हापूरकराला तो सोडवता येतो. गव्याचा उंचवटा खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत धावतो आणि तिथे एकदम खाली उतरतो. वशिंड असलेल्या बैलाचा उंचवटा खांद्यावरच सुटा उभा असतो. बाह्यरेषेत हा फरक स्वच्छ दिसतो. शिंगांचा बाक मात्र खोदणाऱ्याच्या हातावर जातो, त्याच्यावर फार भिस्त नको. गोव्यात कुशावती नदीकाठी पणसाईमोळला बैलांसारख्या आकृत्या आहेत, तिथे हा अभ्यास करून बघा.

माशांसाठी पुस्तकापेक्षा मासेमार बरा. कागदावरची नुसती बाह्यरेषा, कुठली आहे ते न सांगता, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर दाखवा. पाकट आणि मुशी यांतला फरक तो शेपटीवरून क्षणात सांगेल, आणि ‘असला मासाच नसतो’ हेही सांगेल. ते उत्तरही लिहून ठेवायचं. जनावरांसाठी धनगर, रानडुकरासाठी शेतकरी. प्रश्न मात्र उघडा ठेवा. ‘हे काय आहे?’ असं विचारा, ‘हे पाकट आहे ना?’ असं विचारलंत तर माणूस भिडेखातर हो म्हणतो.

गेंड्यापाशी फार लोक घसरतात. कोकणच्या काही सड्यांवर गेंड्यासारखे प्राणी आहेत आणि आज कोकणात गेंडा नाही, म्हणून आकृत्या अतिप्राचीन, असा सरळ हिशेब मांडला जातो. गेंडा पश्चिम भारतात होता हे खरं. गुजरातमधल्या लांघणजच्या मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याचं हाड सापडलं आहे. पण कोकणातून तो कधी संपला ती तारीख हातात नसेल तर ‘आज नाही’ यातून वय निघत नाही. निघतं ते एवढंच की खोदणाऱ्याने, किंवा त्याला सांगणाऱ्याने, गेंडा पाहिला होता.

तिसऱ्या रकान्यात प्रत्येक वाक्याआधी तीनपैकी एक शब्द लिहा: खात्री, शक्य, अंदाज. आणि पुढे लिहा की काय सापडलं तर हे वाक्य खोटं ठरेल. हे लिहिता आलं नाही तर ते वाक्य खोडा.

एक आकृती जवळून: बारसूचा माणूस

पहिला रकाना: मध्ये उभी लांबट आकृती, वर गोलसर भाग, दोन्ही बाजूंना फाकलेल्या दोन रेघा. तिच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन चौपायी आकृत्या, दोन्ही मधल्या आकृतीच्या रोखाने. खोबणींची मापं, एकमेकांमधली अंतरं, कुठली रेघ कुठल्या रेघेला शिवते आणि कुठे शिवत नाही.

दुसरा रकाना: मधला माणूस. बाजूचे प्राणी मांजरकुळातले, बहुधा वाघ. इथे थांबून विचारायचं: ‘बहुधा’ कशावरून? लांब शेपटी, अंगाची ठेवण, डोक्याचा आकार, यातलं काय तुमच्या कागदावर सलग रेघेत आहे आणि काय तुटक? अंगावरच्या आडव्या रेघा पट्टे असतील किंवा नुसती भरण असेल. त्याच सड्यावरच्या दुसऱ्या, वाघ नसलेल्या प्राण्यांच्या अंगातही अशा रेघा आहेत का ते तपासायचं. असतील तर पट्ट्यांचा पुरावा बाद.

तिसरा रकाना: दोन हिंस्र पशूंना दोन्हीकडे रोखून धरणारा माणूस मोहेंजोदडोच्या मुद्रेवरही आहे आणि मेसोपोटेमियातही. अभ्यासक या रचनेला ‘पशूंचा स्वामी’ म्हणतात. साम्य डोळ्यांत भरणारं आहे, पण साम्य म्हणजे संबंध नव्हे. मधे माणूस आणि दोन्हीकडे जनावर ही रचना कुणालाही स्वतंत्रपणे सुचू शकते. संबंध म्हणायचा तर निदान दुसरा धागा हवा: मुद्रेवरचं आणखी एखादं खास लक्षण त्याच रचनेत, किंवा त्या काळाची वस्तू त्याच परिसरात. तोवर वहीत ‘अंदाज’ लिहायचं. ‘शिकारी’, ‘मांत्रिक’, ‘राजा’, ‘वाघांशी दोस्ती असलेला गुराखी’ हे चारही अर्थ त्याच रेघांत बसतात, आणि एवढं सगळं बसतं तेव्हा रेघांनी अजून काहीच सांगितलेलं नसतं.

एकावर एक आलेल्या रेघा

कशेळीच्या हत्तीच्या पोटात कितीतरी लहान प्राणी आहेत. आधी हत्ती आणि मग त्याच्या पोटात सृष्टी, की आधी सुटे प्राणी आणि मग सगळ्यांना वेढणारा हत्ती? अर्थ पूर्ण बदलतो. याचं उत्तर रेघा एकमेकींना छेदतात त्या जागीच मिळू शकतं. नंतरची खोबण छेदाच्या जागी सलग जाते, आधीचीचा काठ तिथे तुटलेला दिसतो. पण जांभा दाणेदार आणि भुसभुशीत आहे, काठ झिजतात, आणि उथळ रेघ खोल रेघेवरून नंतर गेली असली तरी खुणा ठेवत नाही. म्हणून दहा छेद तपासले तर सात-आठांपुढे ‘सांगता येत नाही’ लिहावं लागेल याची तयारी ठेवा. एकही लहान प्राणी हत्तीच्या बाह्यरेषेला कापत नसेल तर तेही सूचक आहे: दुसऱ्याने पहिल्याला जागा ठेवून काम केलं.

वय

खोबणीत कोळसा नाही, हाड नाही, तेव्हा कार्बन पद्धत थेट लागू पडत नाही. भीमबेटकासारख्या गुहांत निदान थर असतात. उघड्या सड्यावर पावसाने सगळं धुऊन नेलेलं. आजूबाजूला सापडणारी दगडी हत्यारं, शेतीची दृश्यं नसणं, शिकारीच्या आणि समुद्री प्राण्यांची रेलचेल, यावरून अभ्यासक या आकृत्या शिकार करून जगणाऱ्यांच्या काळात नेतात. अंदाज काही हजार वर्षांच्या फरकाने मागेपुढे होतात. कुणी एकच आकडा ठणकावून सांगितला तर तो कशावरून, हे आधी विचारा.

ज्या आकृत्या कशासारख्याच नाहीत

रुंढ्ये तळी आणि देवीहसोळच्या मोठ्या चौकटी इथे येतात. आत वळणाऱ्या रेघा, कप्पे, ठिपके. यांच्या बाबतीत दुसरा रकाना रिकामा राहतो, आणि राहू द्यावा. करता येतं ते वेगळं: तुकडे पाडून मोजणं. कप्पे किती, डावी-उजवी बाजू जुळते का, कुठला घटक दुसऱ्या सड्यावर पुन्हा येतो, कशाशेजारी येतो. कमरेखालचा भाग आणि फाकलेले पाय एवढीच आकृती अनेकदा मोठ्या अमूर्त चौकटींच्या कडेला दिसते. तिला ‘लज्जागौरी’ म्हणायचा मोह होतो. पण लज्जागौरीच्या मूर्ती ऐतिहासिक काळातल्या. पुढच्या देवीचं नाव मागच्या आकृतीला चिकटवलं की आपण तिच्यात पुढचाच अर्थ वाचतो. ‘ही आकृती इतक्या वेळा चौकटीच्या या कडेला येते’ ही नोंद त्या नावापेक्षा कितीतरी मोलाची.

जाळ्या, नागमोडी रेघा, ठिपके, एकात एक कंस: असे आकार समाधीसदृश अवस्थेत मेंदूच निर्माण करतो आणि मांत्रिक-भगत मंडळी ते दगडावर उतरवतात, अशी मांडणी डेव्हिड लुईस-विल्यम्स आणि थॉमस डाउसन यांनी १९८८ मध्ये केली. ती कोकणाला सरसकट लावणारे बरेच आहेत. दक्षिण आफ्रिकेत या अभ्यासकांच्या हाताशी एक गोष्ट होती जी आपल्याकडे नाही: १८७०च्या दशकात तिथल्या सॅन आदिवासींकडून उतरवून घेतलेली हजारो पानांची तोंडी माहिती. तसा दुवा नसताना प्रत्येक जाळीला समाधी म्हणणं म्हणजे प्रत्येक चौकोनाला नवकंकरी म्हणण्यासारखंच.

गावातल्या कथा मात्र जरूर लिहून घ्या, वेगळ्या पानावर. ‘पांडवांनी एका रात्रीत केलं’ हे सगळीकडे ऐकू येईल. मसाई पठाराच्या कुशीतल्या लेण्यांनाही आपण पांडवदरा म्हणतोच. करणारा ठाऊक नसला की मराठी मुलुखात काम पांडवांच्या नावावर जातं. त्यातून आकृतीचा मूळ अर्थ कळत नाही. पण गावाने त्या जागेला काय मानलं, तिथे गुरं नेत का, नारळ ठेवत का, चालताना पाय टाळत का, हे कळतं, आणि ती माहिती सांगणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे.

शेवटची मोजणी आकृतीच्या बाहेरची. सर्वांत जवळचं बारमाही पाणी किती पावलांवर, समुद्र दिसतो का, जुनी पायवाट कुठून जाते, शेजारच्या शंभर मीटरांत तसाच सपाट कातळ असून तो कोरा का राहिला. कोऱ्या कातळाचाही एक फोटो काढून ठेवा.